आलं कोण होतं?

आमचा धाकटा बेल्जियममधल्या गेंटच्या इस्पितळात जन्मला तेव्हा नर्सबाईंनी बाहेर येऊन वजन सांगितलं, तीन किलो सहाशे. "आजच्या दिवसातलं सगळ्यात गुटगुटीत बाळ," असंही हसत म्हणाल्या. मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सासरे, म्हणजे नाना, बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते म्हणाले, "आज एकूण जन्मली किती?"

मी आत जाऊन चौकशी केली. दोन.

"हं," नाना म्हणाले.

हा 'हं' आमच्या घराण्यात सगळ्यांना कधी ना कधी मिळालेला आहे. मला कॉलेजात सुवर्णपदक मिळालं होतं, ही गोष्ट लग्नाच्या बैठकीत माझ्या काकांनी दोनदा सांगितली. नानांनी दोन्ही वेळा विचारलं, "वर्गात मुलं किती?" अकरा होती. नोकरीत बढती मिळाली तेव्हा मी मुद्दामच फोन केला नाही, बायकोने केला. नानांचा प्रश्न आला, "शर्यतीत कोण कोण होतं?" दुसरा एकच होता आणि तो त्या महिन्यात बाप होऊन रजेवर गेला होता. हे नानांना कसं कळलं ते मला आजही माहीत नाही. बायको आठ वर्षांची असताना गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली. नाना म्हणाले, "पण आलं कोण होतं?" वाड्यातली वरच्या मजल्यावरची मुलगी, जी दर वर्षी पहिली यायची, ती त्या आठवड्यात गोवराने पडून होती. नानांनी पेढे आणले नाहीत. गोवर आलेल्या मुलीच्या गैरहजेरीतला पहिला नंबर हा त्यांच्या हिशेबात फार तर तिसरा भरतो.

असे गृहस्थ आपल्याकडे प्रत्येक इमारतीच्या कठड्यावर एक तरी असतात. मात्र त्यांतले बहुतेक जण दुसऱ्याच्या पेढ्याची चव घालवायला हा प्रश्न विचारतात. नानांचं तसं नाही. ते आधी पेढा खातात, चवीने खातात, दुसरा उचलतात, आणि मग विचारतात. त्यांची सगळी नोकरी परीक्षा विभागात गेली. पंच्याऐंशी टक्के हा आकडा त्यांच्या लेखी नुसता आकडा. त्या वर्षी बसले किती, पेपर कोणी काढला, हुशार तुकडी कुठल्या केंद्रावर होती, हे कळल्याशिवाय पंच्याऐंशी म्हणजे काय ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बरीच वर्षं मला तो खवचटपणा वाटायचा. तो हिशेब आहे हे मला कळलं ते बेल्जियममध्ये, आणि तेही सायकलींमुळे.

२०२५च्या फेब्रुवारीत आई, म्हणजे सासूबाई, बाळंतपणासाठी आल्या आणि नाना त्यांच्या सामानाबरोबर आले. आईंना कामच काम होतं. डिंकाचे लाडू, शेक, धुरी, आणि धुरीमुळे वाजणारा आगीचा भोंगा बंद करणं. नानांना काहीच नव्हतं. बाहेर पाऊस, घरात मराठी वर्तमानपत्र नाही, आणि कठडा असला तरी त्यावर बसलं की माणूस गारठतो. तिसऱ्या आठवड्यात ते जिना चढता-उतरता खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याकडे डोकावू लागले. त्याला मी 'मेनेर' म्हणायचो. फ्लेमिश भाषेत मेनेर म्हणजे 'साहेब'. नानांना ते आडनाव वाटलं, आणि आजही ते त्याला "आपले मेनेर" असंच म्हणतात, जणू मूळचे साताऱ्याकडचे.

एका संध्याकाळी मेनेरच्या टेबलावर वर्तमानपत्राचं पान पसरलेलं नानांना दिसलं. ओळीने नावं, नावांपुढे आकडे, आणि काही नावांपुढे तारे. नानांना वाटलं दहावीचा निकाल लागला. ते थेट आत गेले.

ती 'ओमलोप हेट न्यूस्ब्लाड' या शर्यतीत उतरणाऱ्यांची यादी होती. आमच्या या फ्लँडर्स भागातला सायकलींचा मोसम या शर्यतीने उघडतो, आणि शर्यत वर्तमानपत्राच्याच नावाची आहे. मोठ्या शर्यतीआधी इथली वर्तमानपत्रं संभाव्य विजेत्यांना तारे देतात. पाच तारेवाला एखादाच, चार तारेवाले दोघे-तिघे, आणि खाली एकेका ताऱ्यावर समाधान मानणारी मंडळी. नानांनी यादीवर बोट ठेवून परीक्षा विभागाच्या इंग्रजीत विचारलं, "हाउ मेनी अपिअर्ड?"

मेनेर म्हणाला, पंचवीस संघ, प्रत्येकी सात. पण एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि नावं खोडायला सुरुवात केली. हा नुसता सरावाला आलाय, त्याची खरी शर्यत एप्रिलात. हा मागच्या आठवड्यात आजारी होता. हा चांगला आहे पण कप्तानाला पाण्याच्या बाटल्या पोचवायला आलाय. याला दगडी रस्ते सोसत नाहीत, संघाकडे दुसरं माणूस नव्हतं म्हणून पाठवलाय. याचा करार गेल्याच महिन्यात वाढवून मिळालाय, हा आता उन्हाळ्यापर्यंत जोर लावणार नाही. पंधरा मिनिटांनी पाऊणदोनशे नावांपैकी चौदा उरली.

नाना वर आले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. दूरदेशी आपल्या पोटजातीचा माणूस भेटल्यावर चेहरा उजळतो तसा त्यांचा उजळला होता. म्हणाले, "जावईबापू, इथं हा प्रश्न विचारला की लोक रागवत नाहीत. उत्तर देतात."

देणारच. कारण सायकल शर्यतीत या प्रश्नावाचून कुणाचं पानच हलत नाही. धावण्याच्या शर्यतीला घड्याळ आहे. शंभर मीटर पुण्यातही शंभर मीटरच. रस्त्यावरच्या सायकलीला घड्याळाचा उपयोग नाही. आज वारा पाठीमागून, उद्या समोरून, परवा गारपीट. फुटबॉलच्या साखळीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, तसंही इथं नाही. वर्षभरात शेकडो शर्यती असतात, एकाच दिवशी तीन देशांत तीन असतात, आणि कोणी कुठे उतरायचं ते संघ ठरवतो. माणसाचं अंग वर्षातून एक-दोनदाच ऐन भरात येतं, बाकीच्या वेळी तो नुसता हजेरी लावतो. म्हणजे एखाद्याचा पहिला नंबर किती वजनाचा, हे बाकीचे कोण होते आणि कशासाठी आले होते यावरच ठरतं. पोगाचारचंच घ्या. २०२४ साली त्याने इटलीची जिरो दुसऱ्यापेक्षा ९ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात फ्रान्सची टूर ६ मिनिटं १७ सेकंदांनी. जिरोतला फरक मोठा, तरी मोठा विजय टूरचाच मानतात, कारण जिरोत त्याचा बरोबरीचा प्रतिस्पर्धी व्हिंगेगार्ड नव्हता. नानांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ते एवढंच म्हणाले, "गोवर?" मी म्हटलं, नाही, तो जिरोत उतरणारच नव्हता, त्यातून एप्रिलात स्पेनमध्ये पडला होता, इस्पितळात होता. "एकूण एकच," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून दोनशे पानी वही आणवली आणि आण्यांची पद्धत सुरू केली. जगातला सगळ्यात चांगला सायकलपटू सोळा आणे. म्हणजे पोगाचार. मात्यू व्हान डर पूल पंधरा आणे तीन पैसे. ते तीन पैसे का, ते विचारलं तर नाना "दगडी रस्त्यावर" एवढंच म्हणत. वाऊट व्हान आर्ट तेरा आणे. मग अधेल्या, पावल्या, चवल्या. शर्यतीत उतरणाऱ्यांचे आणे बेरजेला लावायचे की झाली शर्यतीची रक्कम.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. एका किरकोळ गावच्या शर्यतीत दीडशे जण उतरले होते, सगळे चवल्या. बेरीज झाली तीनशे आणे. त्याच आठवड्यातल्या भारी शर्यतीत बडे बारा होते आणि बाकी यादी अर्धवट, तिची रक्कम कमी भरली. नाना दिवसभर अस्वस्थ. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला: शंभर चवल्या एकत्र बांधल्या तरी त्यांचा एक पोगाचार होत नाही. तेव्हा वरचे दहाच मोजायचे.

मला वाटलं होतं नानांना हे सगळं नवीन असेल. तसं नव्हतंच, जग त्याच रस्त्याने आधी जाऊन आलंय. सायकलपटूंची क्रमवारी १९८४ साली सुरू झाली, आणि आयर्लंडचा शॉन केली पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला तो पाचेक वर्षं हललाच नाही. आता तर संगणकावर प्रत्येक शर्यतीच्या यादीला क्रमवारीप्रमाणे गुण देऊन बेरीज करून ठेवलेली मिळते. मी नानांना ती दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिली, आकडा वहीत उतरवला आणि म्हणाले, "यांनी पेन्सिल वापरलेली नाही."

खरी गाठ त्यांच्यापुढे वेगळीच पडली. आणे द्यायचे कशावरून? निकालांवरून. निकालाचं वजन कशावरून? समोर कोण होतं त्यावरून. समोरच्याचे आणे कशावरून? त्याच्या निकालांवरून. मी घाबरलो, मला वाटलं इथं नाना अडकणार. ते अजिबात अडकले नाहीत. "स्थळ बघताना काय करतो आपण?" त्यांनी विचारलं. "घराणं चांगलं का? तर सोयरे चांगले. सोयरे चांगले का? तर त्यांचे सोयरे चांगले. कुठून तरी सुरुवात करायची, चार घरं फिरून यायचं, परत पहिल्या घराकडे बघायचं. दोन-तीन फेऱ्यांत कळतं कोण किती पाण्यात आहे." मी संगणकवाला आहे. मोठमोठ्या कंपन्या नेमकं हेच करतात. कुठल्याही आकड्याने सुरुवात करायची आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत फेऱ्या मारायच्या. फक्त त्यांना मध्ये पोहे मिळत नाहीत.

१ मार्चला ओमलोप झाली. बायकांच्या शर्यतीची रक्कम नानांनी भारी काढली होती. टूर जिंकलेली देमी व्होलेरिंग होती, आणखीही बरीच वजनदार नावं होती. आणि जिंकली लोटे क्लास, जी नानांच्या वहीत चवलीसुद्धा नव्हती. तिचं नावच नव्हतं वहीत. सुरुवातीला काही जणी पुढे निघाल्या, मागच्यांनी जाऊ दिलं. अंतर दहा मिनिटांच्या वर गेलं तरी जाऊ दिलं. प्रत्येक मोठी बाई दुसऱ्या मोठ्या बाईकडे बघत राहिली, की हिने ओढावं, मी का ओढू. मेनेर टीव्हीपुढे केस उपटत होता. नाना मात्र शांत. "हे मी ओळखतो," म्हणाले. "आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा. सगळे मातब्बर हजर, आणि पाण्याची टाकी गळतेय ती गळतेच."

त्या रात्री मी त्यांना टोकियो ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर, गणितातली डॉक्टरेट, कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार नाही. ती सुरुवातीलाच पुढे गेली आणि मागच्या तिला चक्क विसरल्या. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो. हॉलंडची आनेमीक व्हान व्ल्यूटेन दुसरी आली आणि आपणच जिंकलो समजून तिने हात वर केले. नानांनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली. हात वर केले ते तर तिसऱ्यांदा. पण कीझेनहोफरच्या सोन्याला वहीत किती आणे द्यायचे यावर त्यांना झोप आली नाही. समोर कोण होतं? सगळ्या होत्या. पण त्यांना माहीतच नव्हतं की त्या हिच्याशी लढतायत. पहाटे पाचला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून मी गेलो, तर नाना डिंकाचा लाडू खात वहीसमोर बसलेले. पानावर लिहिलं होतं, "पेपर फुटला नव्हता. इतरांनी वाचला नाही." आणि पुढे पूर्ण सोळा.

मग एकदा मेनेरने त्यांना गुणांचा घोटाळा सांगितला. संघांना वरच्या श्रेणीत टिकायचं तर तीन-तीन वर्षांचे गुण मोजले जातात. २०२२ साली असं होतं की टूर द फ्रान्सचा एक टप्पा जिंकला तर १२० गुण, आणि कुठल्या तरी खालच्या वर्गातली एका दिवसाची शर्यत जिंकली तर १२५. मग काय, बुडायला आलेले संघ आपली चांगली माणसं घेऊन खेडोपाडी फिरायला लागले. ज्या शर्यतीत आदल्या वर्षी गावचा पाववाला पाचवा आला असता, तिथे नावाजलेले गडी एकमेकांना कोपरं मारायला लागले. नाना हे ऐकून इतके हसले की आईंनी बाळाच्या खोलीचं दार लावून घेतलं. "आमच्याकडे क्रीडागुण होते ना," ते मला म्हणाले. "पंचवीस मार्क वाढीव. त्या साली जिल्ह्यात मल्लखांबावर केवढी गर्दी!" पुढे २०२३पासून टूरच्या टप्प्याचे गुण वाढवून २१० केले. हे नानांना आवडलं नाही. चांगला चाललेला गोंधळ कोणी मोडला की त्यांना वाईट वाटतं.

आता मर्क्सचं सांगतो, कारण त्या दिवशी आम्ही थोडक्यात वाचलो.

आमच्या रस्त्याच्या टोकाला मेनेरचा कॅफे आहे. भिंतीवर सायकलपटू एडी मर्क्सचा फोटो, देव्हाऱ्यात लावतात तसा, खाली छोटी पणती तेवढी नाही. मेनेर त्या दिवशी खुशीत होता. त्याने १९६९ची टूर सांगायला घेतली. मर्क्सची पहिलीच टूर. आघाडीवाल्याची पिवळी जर्सी त्याची, गुणांची हिरवी त्याची, डोंगरांचा राजाही तोच, आणि दुसऱ्यापेक्षा जवळजवळ अठरा मिनिटं पुढे. आजूबाजूच्या टेबलांवरचे म्हातारेही खुर्च्या सरकवून ऐकायला लागले. मी माझ्या परीने भाषांतर करत होतो. संपलं. नानांनी मान डोलावली, फोटोकडे पाहिलं, आणि मला कळायच्या आत स्वतःच इंग्रजीत विचारून टाकलं, "बट हू ऑल अपिअर्ड?"

पंढरपुरात उभं राहून विठोबाचा पत्ता विचारावा तसं ते झालं. मेनेरने बिअरचा पेला उचलला होता तो खाली ठेवला, पुठ्ठ्याच्या चकतीच्या बरोबर मधोमध. मग डावा हात वर केला आणि मर्क्सच्या सगळ्या वर्षांत समोर कोण कोण होते ते उजव्या हाताने एकेक बोट धरून सांगायला लागला. जिमोंडी: तिन्ही मोठ्या टूर जिंकलेला. पुलिडोर: आपल्या व्हान डर पूलचा आजा. डे व्लामिंक: चारदा पॅरिस-रूबे. गोडफ्रूट. व्हान इम्पे. डावा हात संपला. थेव्हने, ज्याने पुढे १९७५ साली मर्क्सची टूर हिसकावली. आणि ओकान्या. ओकान्याच्या बोटापाशी तो थांबला.

१९७१. आल्प्समध्ये एका दिवसात स्पेनच्या लुईस ओकान्याने मर्क्सला साडेआठ मिनिटांहून जास्त मागे टाकलं. पिवळी जर्सी ओकान्याच्या अंगावर. मग पिरेनीज पर्वतात, कोल द मान्ते नावाच्या घाटाच्या उतारावर वादळ, गारा, रस्त्यावरून पाण्याचे लोट. ओकान्या पडला, उठायला लागला तर मागून दुसरा येऊन आदळला. शर्यत तिथेच संपली त्याची. पिवळी जर्सी आपोआप मर्क्सकडे आली. आणि दुसऱ्या दिवशी मर्क्सने ती घालायला नकार दिला.

मी हे मराठीत सांगितलं. नाना काही बोलले नाहीत. "हं" सुद्धा नाही. घरी येऊन वही काढली, मर्क्सच्या नावापुढे सोळा आणे लिहिले आणि आईंना हाक मारून सगळी गोष्ट सांगितली. समोरचा पडला म्हणून मिळालेला पहिला नंबर त्याने अंगाला लावून घेतला नाही, असा असतो माणूस, वगैरे. आई लंगोट घडी करत होत्या. म्हणाल्या, "मर्क्सने एक दिवस जर्सी घातली नाही. तुम्ही पोरीचा पेढा तीस वर्षं अडवून धरलाय."

दुसऱ्या दिवशी नाना एकटेच ट्रामने गावात गेले आणि चॉकलेटचा डबा घेऊन आले. बायकोला दिला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. वर, दुकानात गर्दी किती होती ते सांगितलं.

नानांच्या पद्धतीला खरा तडा गेला तो २ एप्रिलला, 'द्वार्स दोर व्लाँडरेन' शर्यतीत. शेवटी चौघेच पुढे उरले. त्यांतले तिघे एकाच संघाचे: व्हान आर्ट, बेनूट आणि आदल्या वर्षी हीच शर्यत जिंकलेला जॉर्गेन्सन. चौथा एकटा अमेरिकन, नीलसन पावलेस. नानांनी टीव्हीसमोरच बेरीज केली. तेरा अधिक अकरा अधिक दहा, चौतीस आणे. समोर एकटी अधेली. "उठा," ते मला म्हणाले, "चहा टाका, झालं हे." तिघांनी ठरवलं की व्हान आर्टला जिंकून द्यायचं. पाळीपाळीने कोणी हल्ला केला असता तर पावलेस बिचारा कुणामागे धावला असता? पण नाही, तिघांनी त्याला गादीवर बसवल्यासारखं शेवटच्या रेषेपर्यंत आणलं आणि पावलेसने व्हान आर्टला झपाट्याने मागे टाकलं. खालून मेनेरच्या ओरडण्याचा आवाज आला, मग काहीतरी फुटल्याचा.

नाना बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तीन तिगाडा, काम बिगाडा. हे मला बेरजेत घेता आलं नाही." ते पान त्यांनी फाडलं नाही, परीक्षा विभागातला माणूस पान फाडत नसतो. वर तिरकी रेघ मारून खाली सही केली.

चार दिवसांनी रोंडे, म्हणजे टूर ऑफ फ्लँडर्स. मी नानांना आणि मेनेरला औडे क्वारेमोंटच्या चढावर नेलं. दोन किलोमीटरच्या वरचा दगडी चढ, त्या शर्यतीत तीनदा येतो. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, तळलेल्या बटाट्यांचा वास, पिवळ्या झेंड्यांवर काळा सिंह. नाना कुंपणाला रेलून वही उघडून उभे. पहिल्या फेरीत घोळका गेला तेव्हा त्यांनी तोंडाने मोजायचा प्रयत्न केला आणि सत्तावीसवर थांबले. शेवटच्या फेरीत पोगाचार एकटा आला. आमच्यापासून हातभर अंतरावर. तोंड मिटलेलं होतं त्याचं, इतरांची सगळ्यांची उघडी. मागे पेडरसन, व्हान डर पूल, व्हान आर्ट, तेही एकेक करून दिसले, पण तोवर पोगाचार वर पोचला होता. पेडरसन दुसरा आला, व्हान डर पूल तिसरा.

परतताना गाडीत नाना गप्प होते. ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा एकदम म्हणाले, "जावईबापू, चूक सापडली."

"कुठली?"

"आपण शर्यतीची एकच रक्कम काढतो. ते चूक आहे. पोगाचारच्या समोर कोण होतं? व्हान डर पूल, पेडरसन, व्हान आर्ट. व्हान डर पूलच्या समोर कोण होतं? हेच सगळे, आणि वर पोगाचार. म्हणजे जो जिंकला त्याची शर्यत सगळ्यात सोपी होती. त्याला स्वतःशी लढावं लागलं नाही. शेवटून पहिला जो आला त्याचा पेपर सगळ्यात अवघड." थोडं थांबून म्हणाले, "प्रत्येकाला स्वतःला वगळून मोजायला पाहिजे. पाऊणदोनशे रकमा."

मागच्या सीटवरून मेनेरने विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. मेनेरने विचार केला आणि उरलेले बटाटे पुढे केले.

पाऊणदोनशे रकमांचं काम एप्रिलअखेरपर्यंत चाललं. वही भरली, दुसरी आणली, तीही विमानातून पुण्याला गेली. निघताना मेनेरने नानांना ती पेन्सिल दिली. नानांनी त्याला पुणेरी पगडी घातलेला टिळकांचा छोटा पुतळा दिला. तो आता मर्क्सच्या पुस्तकांशेजारी उभा आहे, आणि हे कुठल्या साली जिंकले असं मेनेरने मला दोनदा विचारलंय.

२०२६च्या जानेवारीत पुण्यात सायकलींची मोठी शर्यत झाली, पुणे ग्रँड टूर. जागतिक सायकल संघटनेच्या वर्गवारीत ती २.२ म्हणून धरली होती. अशी अनेक दिवसांची शर्यत भारतात पहिल्यांदाच होत होती. २.२ म्हणजे एकूण विजेत्याला चाळीस गुण. रोंडे जिंकणाऱ्याला आठशे मिळतात. मी इथे बसून उतरणाऱ्यांची यादी पाहिली. पोगाचार नाही, व्हान डर पूल नाही, वहीतल्या पहिल्या दहा पानांवरचं कोणीच नाही. वीस वर्षांची संधी चालून आली होती.

शर्यत संपल्या दिवशी मी फोन लावला. नाना सकाळपासून रस्त्यावर होते, आवाज बसलेला. न्यूझीलंडचा पोरगा जिंकला म्हणाले, काय गेला म्हणाले, आपली पोरंसुद्धा होती, शाळेची मुलं झेंडे घेऊन उभी होती, तुम्ही असायला हवं होतं. मी सगळं ऐकून घेतलं. मग शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "ते ठीक आहे नाना. पण आलं कोण होतं?"

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं लाइन गेली.

"कोण आलं होतं ते सोडा," नाना म्हणाले. "आपल्या कोपऱ्यापर्यंत डांबर आलंय."